मामीच्या नावाचा तुडतुडा

आमच्या मामाने एकतीस वर्षं तुडतुड्यांची पोटं मोडली. ऐकायला क्रूर वाटेल, पण सरकारी कीटकसंग्रहात त्याची नोकरीच ती होती. तुडतुडा म्हणजे दाण्याएवढा हिरवा किडा. पानाचा रस पितो, तिरका चालतो आणि हात लावायच्या आत उडी मारून पसार होतो. मागच्या तंगड्यांवर काट्यांच्या रांगा असल्या की हा तुडतुडा, एवढं कळतं. कुठल्या जातीचा, हे मात्र वरवर बघून छातीठोक सांगता येत नाही. त्यासाठी नर घ्यायचा, त्याचं पोट अलगद मोडायचं, वाटीतल्या कॉस्टिकच्या पाण्यात ठेवून आतलं मांस विरघळवायचं आणि टोकाशी उरलेली केसाएवढी आकडी सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. ती ज्या त्या जातीची वेगळी. बघून झालं की पोट ग्लिसरीनच्या इवल्याशा नळीत घालायचं आणि ती नळी त्याच किड्याच्या टाचणीवर, त्याच्या खाली टोचून ठेवायची.

एका वेळी एकच किडा, एकच वाटी, हा मामाचा नियम. टेबलावर चहाची बशीसुद्धा चालायची नाही.

मामी गेली आणि चौथ्या दिवशी मामा कामावर हजर. रडला नाही, वेळेवर जेवला, डबा स्वतः घासला. माझ्या आईला, म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीला, हे फार लागलं. दादाला कुणी टाचणीवर टोचून ठेवल्यासारखं झालंय, असं ती शेजारी सांगायची.

दोन वर्षांनी साहेबांना मामाच्या किड्यांच्या पेटीत एक विचित्र नर सापडला. डोक्यावर दोन काळे ठिपके, म्हणजे एका जातीचा. आकडी मात्र दुभंगलेली, म्हणजे दुसऱ्याच जातीची. अशी जोडी कुणी पाहिली नव्हती. साहेबांनी नवी जात म्हणून लेख लिहायला घेतला. मामा निवृत्तीला आलेला, तेव्हा जातीला तुमचंच नाव देऊ म्हणाले. मामाने मामीचं सुचवलं. मूलबाळ नव्हतं, घर भाड्याचं. तिचं नाव मागे राहील असं कुठे काही नव्हतं.

आईने कपाळाला हात लावला.

"दादा, वहिनीने जन्मभर चपलेने किडे मारले, आणि तू तिलाच किडा करतोस?"

पण आठवड्याभरात तीच सगळीकडे सांगत सुटली. दातांच्या डॉक्टरला तर दाढ कोरून घेता घेता सांगितलं. त्याला काय कळलं कोण जाणे.

लेखातलं शेवटचं चित्र मामाने काढायचं होतं. त्यासाठी त्याने किड्याखालची चिठ्ठी वाचली. पोट मोडल्याची तारीख त्याच्याच अक्षरात होती: मामी गेल्यानंतरचा चौथा दिवस. त्याने आणखी एक पेटी काढली आणि त्याच तारखेचा दुसरा किडा शोधला. सापडला. डोक्यावर ठिपके नाहीत, आणि खालच्या नळीत ठिपकेवाल्यांची सरळ आकडी. अगदी उलटी जोडी. म्हणजे त्या दिवशी टेबलावर दोन वाट्या होत्या आणि पोटं बदलली होती. नवी जात वगैरे काही नव्हती. दोन जुन्याच, ओळखीच्या.

दुपारभर मामा दोन्ही पेट्या पुढ्यात घेऊन बसला. ती दुसरी पेटी परत कपाटात ठेवली असती तर विषय संपला असता. चार वाजता तो दोन्ही किडे घेऊन साहेबांच्या खोलीत गेला.

साहेबांनी दोन्ही किडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. मग हळूच म्हणाले, "अजून वीस वर्षं तरी कुणी या पेट्या उघडणार नाही."

"नळ्या बदलतो, साहेब," मामा म्हणाला.

बदलल्या. दोन जुनी नावं दोन चिठ्ठ्यांवर लिहिली. लेख रद्द झाला.

रात्री जेवताना त्याने आईला सांगितलं, भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं तशा आवाजात. आई भडकली. "चौथ्या दिवशी कामावर जायला कुणी सांगितलं होतं तुला?"

"ऑफिसात पंखा वाजतो गं," मामा म्हणाला. "घरी काहीच वाजत नव्हतं."

आईने त्याच्या ताटात आणखी थोडी भाजी वाढली. ती त्याने संपवली.