रस्ता मागितला, बस राहिली

मध्य प्रदेशातला आमचा बैहर-बालाघाट रस्ता डांबरी व्हावा, हा अर्ज मीच लिहिला होता. मी बैहरच्या शाळेत मास्तर, त्यामुळे गावाचे अर्ज लिहिणं माझ्याकडेच. दिवसाला एकच बस होती, पण अर्जात तिच्याबद्दल मी अक्षर लिहिलं नाही. रस्ता झाला की बसगाड्या आपोआप वाढतील, असं मी सही करणाऱ्यांनाही पटवून दिलं होतं.

मागितलं तेवढं सरकारने दिलं. खडी आली, रोलर आला, इंजिनिअरसाहेबांची जीप आली. बसचं विचारलं तेव्हा साहेब म्हणाले, "पैसा रस्त्याचा आहे मास्तर, बसचा नाही." जणू रस्ता चालत जाण्यासाठीच होता.

ज्या दिवशी मंत्री फीत कापणार होते, त्याच दिवशी अकरा वाजता बालाघाटला माझ्या बायकोची शिक्षिकेच्या नोकरीसाठी मुलाखत होती. तीन वर्षं ती या बोलावण्याची वाट पाहत होती. आम्ही सकाळी सहालाच स्टँडवर गेलो. बस उभी होती, पण कंडक्टर चढू देईना.

"गुरुजी, आज गाडी सभा की ड्यूटी में है. गाँव-गाँव से पब्लिक लाना है."

"मंग आम्ही का पब्लिक नाही?" बायको म्हणाली.

"आप तो बालाघाट जाओगे, बाई. पब्लिक को सभा में बैठना है."

शेवटी लाकडाच्या एका ट्रकवाल्याने आम्हाला पुढे बसवून घेतलं. घाटाच्या तोंडाशी कमान उभारली होती, शेजारीच सभेचा मांडव. फीत कापेपर्यंत एकही गाडी सोडायची नाही, असा हुकूम होता. समोर काळाभोर, गुळगुळीत, मोकळा रस्ता, आणि आम्ही कमानीअलीकडे.

"अर्जात बस काहून नाही मांगली तुम्ही?" तिने विचारलं. मी घड्याळाकडे पाहिलं. दहा वाजले होते.

मंत्री साडेबाराला आले. बालाघाट आता दीड तासावर आलं, असं त्यांनी भाषणात सांगितलं. टाळ्या झाल्या. फीत कापल्यावर ट्रकवाला म्हणाला, "चलो बाईजी, अब सीधा पहुँचा दूँगा."

"आता जाऊन काय करू?" म्हणत ती खाली उतरली.

परत बैहरला जायला मात्र बस तयार होती. पब्लिक घरी पोचवायची होती. बायकोला खिडकीजवळ जागा मिळाली. सर्टिफिकेटांची पिशवी मांडीवर घेऊन ती बसली.