ठेवणीतली मोटर

रिटायर झाल्यावर आमच्या ह्यांनी छोट्या बोटीला लावायची मोटर घेतली. फोर-स्ट्रोक, पण वापरलेली. सुरू करायच्या आधी इंजिनावर हात ठेवून पाहिला, गार आहे ना म्हणून. विकणारे आधीच तापवून ठेवतात म्हणे, म्हणजे खराब मोटरही झटकन सुरू होते! मला म्हणाले, "जुनी घेतली म्हणजे खारं पाणी लागलं तरी जीव तुटत नाही. तुला गॅल्व्हस्टनच्या खाडीत फिरवतो बघ."

पण काय सांगू, ऑइल बदललं, प्लग बदलले आणि ती इतकी छान चालायला लागली की ह्यांचा जीव तिच्यातच अडकला. दर रविवारी ड्राइव्हवेत, इंजिन गार राहावं म्हणून पाण्याचा पाइप जोडून ती सुरू करायची आणि आवाज ऐकत बसायचं. मी म्हणायची, "अहो, पैठणी आहे का ती, जपून ठेवायला?"

"जाऊ गं. उगाच गंजेल खाऱ्या पाण्यानं."

मीही हसून सोडून द्यायची. मला तरी कुठे घाई होती?

अशी वर्षं गेली. या उन्हाळ्यात एकदाचे ते तयार झाले. धक्क्याशी मोटर लावलेली बोट डुलत होती आणि माझा गुडघा काही केल्या वाकेना. ह्यांनी दोन्ही हात धरले, तरी पाय बोटीत पडेना.

"तुम्ही जाऊन या," मी म्हटलं.

"एकटा जाऊन काय करू?"

मग तिथल्याच बाकावर बसून आम्ही बरोबर आणलेली थालीपीठं खाल्ली. "आधीच यायला हवं होतं गं," ते पाण्याकडे बघत म्हणाले.

हवंच होतं.