डब्यात टाकलेलं प्यादं

जिंकत आलेला डाव मी माझ्याच हाताने डब्यात टाकला, इतकी मी बावळट होते.

आज नात बुद्धिबळाचा जुना डबा उघडून नियम पाठ म्हणत बसलीय. "आजी, प्यादं शेवटच्या घरात पोचलं की वजीर होतं!" लाकडाचा तो कुबट वास नाकात गेला आणि माझं डोकं परत तापलं.

तेव्हा लग्न होऊन मुलुंडच्या या घरात येऊन मला चार महिने झाले होते. टायपिंगच्या क्लासला जायचं होतं. हे म्हणाले, "बुद्धिबळात मला हरव, मग जा." नियम यांनीच शिकवले, मी नंदीबैलासारखी मान डोलावली. त्या रविवारी माझं प्यादं टुकूटुकू चालत पार पलीकडे पोचलं. पुढे घरच नाही! मग मी शहाणीने ते उचललं, पदराने पुसलं आणि डब्यात ठेवलं. यांनी खुशीत पुढची चाल खेळली. थोड्या वेळाने यांचं प्यादं माझ्या टोकाला आलं, तर यांनी खुशाल त्याचा वजीर केला.

"हा कुठला नियम?"

"असतोच. तू विचारलंस कुठे?"

मी पटच उधळला. भांडायला हे आता नाहीत, म्हणून आणखी राग येतो.

त्या रविवारी मात्र पट उधळून मी स्वयंपाकघरात जाऊन रडत लसूण सोलत बसले. मालवणच्या आमच्या सासूबाई शेजारी टेकल्या आणि म्हणाल्या, "गो, ह्येच्या बापाशीनपण माका ह्यो नियम सांगूक नाय. तू सोमवारपासून क्लासाक जा. तेका मी बघतंय."