छतावरचा विसावा हिस्सा

हिलालने धुरपदाबाईला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तापीकाठच्या कापडशहरातले, पर्वत पाटिया भागातले सगळे लूम जागच्या जागी थबकले होते, असं तो शपथेवर सांगतो. खरं तर फ्यूज उडाला होता. पण त्याच क्षणी बाई अशा गरजल्या, "कोनी लाईट घालवली रे?" की कबुतरांचे थवे तापी ओलांडून गेले आणि अमळनेरहून ट्रंक घेऊन नुकत्याच उतरलेल्या हिलालने न केलेला गुन्हा कबूल करून टाकला. बाईंनी त्याला पोटभर जेवू घातलं. तेव्हापासून ती त्याची मावशी.

वीस वर्षांनी हिलाल सोसायटीच्या सौर मंडळाचा चिटणीस झाला. हॉलच्या छतावर पॅनल बसवायचे आणि होणारी वीज सभासदांच्या लाईटबिलांतून वजा व्हायची. छतावर जागा वीस घरांपुरतीच. पण हिलाल सूर्याबद्दल असा बोले, जणू तो त्याच्या हाताखालचा कारागीर!

मावशी पत्र्याच्या खोलीत भाड्याने राहून साड्यांना लेस लावी. मशीन चालू असलं की बिलाच्या धास्तीने पंखा बंद. भाडेकरूला सभासद व्हायला घरमालकाचं पत्र हवं होतं. तीन दिवस मालकाच्या दारात ठाण मांडून तिने ते मिळवलं आणि हिलालच्या हातात दिलं.

"मन्हं नाव टाक रे भाऊ. मी आखाजीले गावले चालनी."

"जा मावशी, बिनघोर जा. मी बसलोय ना!"

सभा नेमकी आखाजीतच, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणातच झाली. अर्धी गल्ली खानदेशात झोक्यावर. एकोणीस नावं झाली.

"कोण्या भाडेकरूचं पत्र आलंय का?" अध्यक्ष महेशभाईंनी विचारलं.

पत्र हिलालच्या खिशात होतं. समोर मेहुणा योगराज बसला होता. त्याच्या घरी दोन एसी, आणि "माझ्या भावाचं नाव लागलंच पाहिजे," असं हिलालला त्याच्या बायकोने सकाळीच बजावलं होतं.

"दाजी, बोला की!" योगराज म्हणाला.

"नाही आलं," हिलाल म्हणाला. विसावं नाव योगराजचं लागलं.

मावशी सांजोऱ्यांचा डबा घेऊन परतली. पहिली सांजोरी हिलालला. "मन्हा भाचा चिटणीस शे," असं ती दारोदार सांगत हिंडली, आणि त्या भरवशावर तिने मशीन चालू असतानाही पंखा लावला. हिलाल तिचं दार टाळायला मागच्या बोळाने जाऊ लागला. एवढा धिप्पाड गडी, पण पंख्याचा आवाज आला की चपला हातात घेई.

बिल आलं तेव्हा तीच त्याच्या दारात उभी राहिली. "पंखा लावला त्याचं सगळं आलं रे. सूर्याचं काय झालं?"

हिलालने खिशातलं चुरगळलेलं पत्र काढून तिच्यापुढे धरलं. "मावशी, मी दिलंच नाही. योगराजचं नाव घातलं."

बाई ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने पत्र घेतलं, नीट घडी घातली. "माले तव्हाच तोंडावर सांगतास तर," एवढंच म्हणाली आणि गेली.

हिलालने मावशीसाठी आणखी एका छतावर पॅनल बसवायचा अर्ज दिला. मंडळाने तो नामंजूर केला. दिवाळीनंतर मावशी लेकीकडे चलथाणला राहायला गेली.