जळून गेलेला धूमकेतू

धूमकेतू सूर्यात पडून जळाला, असं मी आमच्या घरात जाहीर केलं तेव्हा मला ताप नव्हता. झोपही पुरेशी झाली होती. हे आधीच सांगतो, कारण नंतर घरातल्या सगळ्यांनी या दोन्हींबद्दल माझी कसून चौकशी केली.

आम्ही शहापूरचे विणकर. अण्णा, म्हणजे माझे वडील, मागावर बसत, आई सुताच्या कांड्या भरी, धाकटी बहीण गोदा सूत रंगवायला हात लावी आणि मी बेळगावात शाळामास्तर होतो. (मी मागावर बसलो की धागे तुटत. अण्णांनी मला शिकवलं ते विद्येच्या ओढीनं नव्हे, सुताच्या काळजीनं.)

त्या उन्हाळ्यात गोदाला निपाणीचं स्थळ आलं. माणसं आमच्यातलीच, पण निपाणीत जाऊन तंबाखूच्या व्यापारात पडलेली. मुलाचं नाव दत्तू. गोदानं त्याला एका जत्रेत लांबून पाहिलं होतं आणि ‘बरा हाय’ एवढंच म्हणाली होती. गोदाच्या तोंडून ‘बरा’ म्हणजे आमच्याकडं फार झालं. पाव्हण्यांना बोलवायचं नक्की ठरत आलं, आणि पहाटे पूर्वेला शेपटीचा तारा उगवला.

“ह्यो आभाळात हाय तवर लग्नाचं नाव काढायचं न्हाय,” अण्णा म्हणाले.

“अण्णा, तो सूर्याकडं चाललाय. त्याला आपल्या गोदाचं काय ठाऊक?”

“त्येला ठाऊक नसू दे. मला ठाऊक हाय न्हवं?”

आई हळूच म्हणाली, “आवं, संकेश्वरचीबी एक पोरगी दाखवल्याली हाय म्हनं त्यास्नी. थांबतील व्हय ती?”

अण्णा उठून मागावर जाऊन बसले. गोदानं त्या दिवशी हिरव्या रंगात घालायचं सूत लाल रंगात घातलं. एवढ्यावरून मी समजायचं ते समजलो आणि म्हणालो, “अण्णा, मी रोज पहाटे बघतो. तारा गेला की तुम्हाला सांगतो. मग तरी बोलवाल?”

“तू सांग तर खरं,” अण्णा म्हणाले.

अशा रीतीनं मी खगोलशास्त्रज्ञ झालो. पहाटे परसातल्या भिंतीवर चढायचं आणि धूमकेतू कुठं आहे, किती उजळ आहे, ते बघायचं. उजेड मोजायला काहीतरी माप हवं, म्हणून मी शेजारी चमकणाऱ्या शुक्राला सोळा आणे धरलं. त्या हिशेबानं धूमकेतू पहिल्या दिवशी सहा आणे भरला. अण्णा खाली वाट बघत उभे.

“किती?”

“सहा आणे.”

दोन दिवसांनी आठ आणे. मग दहा. अण्णांचा चेहरा उतरत चालला.

“जातोय म्हनतोस आन वाढतोय की रं.”

“सूर्याच्या जवळ जाताना उजळतोच तो.”

“मग लांब जा म्हनावं.”

तेवढ्यात भिंतीपलीकडून शेजारचे तुकाप्पा ओरडले, “मास्तर, सुताचा भाव धा आण्यावर गेला व्हय?” मी नाही म्हणेपर्यंत ते बाजाराकडं चालायला लागले होते.

इकडं तारा रोज क्षितिजाकडं उतरत होता. एके दिवशी तो उगवतो न उगवतो तोच फटफटलं, आणि दुसऱ्या पहाटे बघतो तर शुक्र एकटाच. मी भिंतीवरून जवळजवळ उडीच टाकली.

“अण्णा, गेला. सूर्यात पडला. जळून खाक.”

“नक्की?”

“सूर्याच्या इतकं जवळ गेल्यावर दुसरं काय होणार?”

(शाळेतल्या पुस्तकात धूमकेतूचा मार्ग लांबट वळणाचा काढलेला होता. सूर्याकडं जाणारी रेघ मी अगदी नीट अभ्यासली होती. सूर्याला वळसा घालून परत येणारी रेघ पुढच्या पानावर होती.)

अण्णांनी त्याच दिवशी निपाणीला सांगावा धाडला. पाव्हणे बैलगाडीनं निघाले. त्या दिवसांत रोज संध्याकाळी वळवाचं आभाळ भरून येई, त्यामुळं वर कोण काय बघणार? पाव्हणे पोचले त्या दिवशी मात्र दुपारीच पाऊस पडून गेला आणि दिवस मावळताना आभाळ धुतल्यासारखं निघालं.

परसातच घोंगडी अंथरली होती. मावळतीचं ऊन डोळ्यांवर नको म्हणून दत्तूचे वडील बाळाप्पा, दत्तू आणि अण्णा पश्चिमेकडं पाठ करून बसले. त्यांच्यासमोर मी. बाळाप्पा म्हणजे धिप्पाड माणूस, मोठ्ठा पांढरा पटका, आवाज वखारीत कमावलेला. तंबाखूच्या गप्पा रंगल्या. दिवस बुडाला, अंधारून यायला लागलं, आणि मी सहज वर पाहिलं तर मावळतीला अनगोळच्या शेतांवर, बाळाप्पांच्या पटक्याच्या बरोबर वर, माझा जळून खाक झालेला धूमकेतू उभा होता. शेपूट पार वरपर्यंत. चांगला चौदा आणे तरी असेल.

“आत बसूया का?” मी म्हणालो. “गारठा पडलाय.”

“उकडतंय की मास्तर,” बाळाप्पा म्हणाले.

मी उठलो, आतून एक लुगडं आणलं आणि त्यांच्यामागच्या दोरीवर पसरून टाकलं.

“दिवस मावळल्यावर लुगडं कोन वाळत घालतंय रं?” अण्णांनी विचारलं.

“ओलं होतं.”

“हे तर नवं हाय. इकायचं.”

वाऱ्यानं ते लुगडं एका बाजूला सरकवलं. मी पुन्हा ओढलं. वाऱ्यानं पुन्हा सरकवलं. पदराचं एक टोक धरून मी पाव्हण्यांमागं खांबासारखा उभा राहिलो, आणि अण्णा मला डोळ्यांनी ‘बस की’ म्हणत राहिले. तेवढ्यात गोदा पोह्यांची ताटली घेऊन आतून आली. खाली मान घालून यायचं असं तिला बजावलेलं होतं. ती आली तशीच. मग नेमकी तिनं मान वर केली आणि जागीच थांबली.

“दादा,” ती म्हणाली, “जळल्याला तारा त्योच न्हवं?”

सगळे वळले. दत्तू हळूच म्हणाला, “लई देखनं हाय.” (तो वळून ताऱ्याकडं बघत होता की पुन्हा वळून गोदाकडं, ते मला लुगड्यामुळं दिसलं नाही.)

बाळाप्पा मात्र गंभीर झाले. “अण्णा, तारा गेला म्हनून तुमचाच सांगावा आलता. आमचीबी म्हातारी मानसं हैत घरात. ह्येच्या देखत सुपारी फोडली म्हटल्यावर काय सांगू त्यास्नी?” आणि गडीमाणसाला त्यांनी गाडी जुंप म्हणून हाक दिली.

अण्णा माझ्याकडं बघत होते. गोदा ताटली धरून तशीच उभी होती. तिच्याकडं बघून माझ्या अंगात मास्तर संचारला.

“बाळाप्पा, दोन मिनिटं. हा नवा तारा नाही, तोच आहे. तो आता परत निघालाय. कसा ते दाखवतो. तुम्ही सूर्य.”

“म्या?”

“तुम्ही नुसतं बसा.”

मी खुंटीवरची सुताची लड घेतली. “मी धूमकेतू, ही शेपटी. शेपटी नेहमी सूर्याच्या उलट दिशेला असते. येताना असा.” लड पाठीमागं धरून मी त्यांच्याकडं चालत गेलो. “हा वळसा.” मी त्यांना वळसा घातला. (आईनं आतून पाहिलं. मी पाव्हण्यांना प्रदक्षिणा घालून माफी मागतोय असं तिला वाटलं आणि तिनं तिथूनच हात जोडले.) “आणि आता जाताना तोंड सूर्याकडं, शेपटी जायच्या वाटेकडं. म्हणजे धूमकेतू पाठमोरा जातो. असा. रोज लांब. रोज मंद. लांब, मंद, लांब—”

आमच्या परसात सूत रंगवायच्या निळीची कुंडी जमिनीत पुरलेली होती. त्या घरात मी जन्मलो होतो, त्यामुळं ती कुठं आहे हे मला चांगलं माहीत होतं. धूमकेतूला माहीत नव्हतं.

मी वर आलो तेव्हा छातीपर्यंत निळा होतो, आणि हातात लड तशीच उंच धरलेली होती. मग कुठूनतरी बैलानं नाक फुरफुरावं तसा आवाज आला. बाळाप्पा हसत होते. त्यांचा पटका सुटला, त्यांनी तो डोळ्यांना लावला, आणि दत्तू त्यांची पाठ चोळायला लागला.

“अण्णा,” शेवटी ते कसेबसे म्हणाले, “तारा उगवला की घरावर संकट येतंय, असंच न्हवं?”

“व्हय.”

“मग आलं की. त्ये बघा उभं हाय. संकट हून गेलं, आता तारा रिकामा. आना सुपारी.”

अण्णांनी माझा निळा अवतार खालून वरपर्यंत न्याहाळला. त्यांना ते पटलं असावं, कारण सुपारी आणायला ते स्वतः उठले.

गोदाचं लग्न त्याच महिन्यात झालं आणि संसार उत्तम झाला. मी लग्नात हात खिशात घालून वावरलो, कारण नीळ नखांतून जात नव्हती. पण ताऱ्यामुळं अडलेली लग्नं गल्लीत आणखीही होती. लग्नानंतर चार दिवसांनी तुकाप्पा देवळात आल्यासारखे अदबीनं दारात येऊन उभे राहिले.

“मास्तर,” ते म्हणाले, “आमच्या पोरीचंबी जमवायचं हाय. आमची कुंडी जरा ल्हान हाय, पर तुमी बसशीला.”