परवानगी आली होती

बारा वर्षं मी या ब्लॉगवर सगळ्या जगाची उणीदुणी काढली. माझं स्वतःचं एक मात्र राहून गेलं. राहून गेलं कसलं — दडवलं. बायकोलाही ठाऊक नाही. आज लिहितोय.

जुन्या वाचकांना माझा स्वभाव नव्याने सांगायला नको. मी चिडतो. अबू धाबीत, अल रीम आयलंडवर एकविसाव्या मजल्यावर राहतो. खाली पार्किंगमध्ये एक महाभाग रोज दोन गाड्यांच्या जागेत एक गाडी तिरकी लावतो, त्याच्यावर मी लेख लिहिलाय. लिफ्टमध्ये मराठी माणूस मराठी माणसाशी हिंदीत बोलतो, त्यावर तीन लिहिलेत. मतं मागताना इतिहास आठवणारे आणि निवडून आल्यावर गडांवर बाटल्यांचा खच पडू देणारे पुढारी, परंपरेचं नाव काढलं की नाक मुरडणारे विचारवंत — कुणाला सोडलं नाही. त्यातलं बहुतेक आजही मागे घेणार नाही. भाषा टिकली पाहिजे, चालीरीती टिकल्या पाहिजेत, माणसाला कणा पाहिजे. कणा हा माझा लाडका शब्द. जुने लेख उघडून बघा, दर चौथ्या परिच्छेदात कुणाचा ना कुणाचा कणा मी मोडलेला सापडेल.

तर कण्याचीच गोष्ट आहे.

पास्कल परेरा हा वसईचा. इथल्या एका हॉटेलात बँक्वेटला होता — म्हणजे लग्नं, पार्ट्या, कॉन्फरन्स, चारशे माणसांचं जेवण. माझा लिफ्टवरचा लेख वाचून त्याने कुठून तरी नंबर मिळवला आणि फोन केला. “सर, तुमचा लेख मी घरी मोठ्यांदा वाचून दाखवला. आमच्याकडे सगळे लेख मीच वाचतो, बाकीच्यांनी ऐकायचं.” असा वाचक मिळाला की लेखकाचं काय होतं ते काय सांगू? मी त्याला घरी बोलावलं. तो बायको आणि मुलीला घेऊन आला, येताना घरच्या चिंचेचं लोणचं आणलं. मुलगी जेनिस, तेरा वर्षांची. माझ्या बायकोने तिला विचारलं, काय घेशील? आणि ती म्हणाली, “काही नको काकू, आत्ताच जेवून निघालो.”

तुम्हाला यात काही विशेष वाटणार नाही. तुम्ही इथे राहत नाही. इथे आपली पोरं — माझा ईशान धरून — “नो थँक्स” म्हणतात आणि खोलीत जातात. मी पास्कलला विचारलं, ही जादू कुठली? तो म्हणाला, जादू कसली सर, रोज संध्याकाळी घरात प्रार्थना असते, ती मराठीतच. आजी फोनवर असते, ती चूक काढते. लहानपणापासून आहे, तोंडात बसलंय.

आता पुढचं. आमची सहा कुटुंबांची कमिटी दरवर्षी हॉल घेऊन एक मराठी कार्यक्रम करते. त्या वर्षी मी एक छोटं नाटक लिहिलं होतं. किल्लेदार मोहिमेवर गेलाय, गडाला वेढा पडलाय, आणि त्याची बायको दरवाजा बंद करून अकरा दिवस गड झुंजवते. काल्पनिक बाई. शेवटी तिचं एक मोठं भाषण, दोन पानांचं. ते कोण करणार? कमिटीतल्या मुली वाचून गेल्या — रोमन लिपीत लिहून दिलेलं, अडखळत. मग जेनिस आली. कागद घेतलाच नाही. आमच्या बिल्डिंगच्या पार्टी रूममध्ये, मागे कुणाच्या तरी वाढदिवसाचे फुगे अजून लटकत होते, आणि ती मुलगी उभी राहून म्हणाली, “दार उघडायला सांगणाऱ्यांनो, दाराच्या या बाजूला कोण उभं आहे ते आधी विचारा.” माझंच वाक्य. मला पाठ होतं. तरी अंगावर काटा आला. मी लिहिलेलं कुणी इतकं खरं बोलेल असं मला तोवर वाटलं नव्हतं.

मी त्या तालमीचा फोटो ब्लॉगवर टाकला. खाली मुलांची नावं दिली. हौस, दुसरं काय.

तिसऱ्या दिवशी भारतातून एका वाचकाची कॉमेंट आली. “किल्लेदारीण आणि आडनाव परेरा? वा. आता तुम्हीसुद्धा.” बस, एवढंच. शिवी नाही, धमकी नाही. आणखी चौदा जणांनी त्याला अंगठा दिला होता. त्यातले काही रोजचे, नावाने ओळखीचे — माझ्या प्रत्येक लेखाला “सणसणीत” म्हणणारे.

काय करायला हवं होतं? एक ओळ लिहायची. ही मुलगी तुमच्या पोरांपेक्षा चांगलं मराठी बोलते, चालते व्हा. लोकांसाठी अशा ओळी मी आठवड्याला दोन लिहितो. ही लिहिता आली नाही. “आता तुम्हीसुद्धा” हे मला लागलं होतं हो. मीही त्यांच्यातला झालो असं लोक म्हणतील — म्हणजे कुणातला? वसईच्या चर्चजवळ चिंचेचं लोणचं घालणाऱ्यांतला? ज्या घरात रोज संध्याकाळी मराठी ऐकू येते त्या घरातला? माझ्या घरात येत नाही. पण त्या दिवशी हा विचार मला शिवलासुद्धा नाही. मला फक्त ते चौदा अंगठे दिसत होते.

मी फोटो काढून टाकला. आणि मग जे केलं ते सांगण्यासाठीच हा सगळा फापटपसारा.

इथे स्टेजवर काही करायचं तर आधी परवानगी लागते. भाग घेणाऱ्यांची यादी द्यायची, आयडीच्या कॉप्या जोडायच्या, मंजुरी येते. त्यात गैर काही नाही, शिस्त आहे, मला आवडते. कमिटीत ते काम माझ्याकडे होतं. आणि या देशात राहणाऱ्या आपल्या प्रत्येक माणसाला एक गोष्ट अंगवळणी पडलीय — “परमिशन आली नाही” म्हटलं की खलास. का नाही, कुणी नाकारली, कागद दाखवा — कुणी विचारत नाही. बॉस असो, बायको असो, मान हलवतात आणि पुढचं बोलतात.

मी पास्कलला फोन केला आणि सांगितलं, जेनिसच्या नावाची परमिशन आली नाही.

आली होती. यादी माझ्या मेलमध्ये होती, सगळी नावं मंजूर. तिचं चौथं होतं.

तो म्हणाला, “चूक आमचीच असणार सर.” मला वाटलं, विषय मिटला. कसचा मिटतोय. पासपोर्टवर मुलीचं नाव चार शब्दांचं आणि आयडीवर दोनच शब्द आलेले, त्यामुळेच अडलं असणार, हे त्याने स्वतःच शोधून काढलं. या लोकांची नावं लांबलचक, सिस्टिममध्ये कुठेतरी तुटतात, हे त्याला आधीच ठाऊक. दुसऱ्या दिवशी हॉटेलातून हाफ डे घेऊन तो टायपिंग सेंटरला गेला — इथे सरकारी अर्ज तिथूनच भरून घ्यावे लागतात. तिथल्या माणसाने काहीतरी कमी आहे म्हणून परत पाठवलं. तो पुन्हा गेला. तिसऱ्यांदा त्याच्याकडे गाडी नव्हती, तर त्याला कोणी सोडलं?

मी सोडलं. टोकन घेऊन त्याच्या शेजारी बसलो. त्याने बाहेरून दोन करक चहा आणले, इथला तो दाट दुधाचा कडक. हातातल्या फाइलमध्ये तिचा बाप्तिस्म्याचा दाखलासुद्धा होता, लागला तर असू द्या म्हणून. मी चहा प्यालो. तेवढा वेळ होता. चाळीस मिनिटं तरी. एक वाक्य बोलायला किती लागतात? मी पार्किंगबद्दल बोलत राहिलो.

आयडी दुरुस्त होऊन येईपर्यंत कार्यक्रम उरकणार होता, हे दोघांनाही माहीत होतं. तो म्हणाला, “पुढच्या वर्षी तरी अडायला नको, इन्शाल्ला.”

भाषण कमिटीतल्या एका मुलीला दिलं. ते तिला झेपेना. तेव्हा पास्कलनेच सुचवलं, “सर, जेनिसला पाठ आहे, ती विंगेत उभी राहून सांगेल. तिथे परमिशन लागत नाही ना?” नाही लागत, म्हणालो. बिनदिक्कत म्हणालो. कार्यक्रमाच्या दिवशी बापाने खुर्च्या मांडल्या, चहाचं बघितलं, आणि पोरगी काळ्या पडद्यामागे उभी राहून ओळीमागून ओळ पुरवत राहिली. समोरची तीनदा अडकली. तिन्ही वेळा आवाज मागून आला. लोकांनी भरपूर टाळ्या वाजवल्या, माझाही सत्कार झाला. शाल दिली.

शाल अंगावर असतानाच मी विंगेत गेलो. जेनिस खुर्चीवर बसून बुटाचे बंद सोडत होती. मी म्हटलं, “छान झालं ना गं?” तिने वर पाहिलं. म्हणाली, “इट वॉज ओके, अंकल.”

अंकल. चार महिने काका होतो.

तिला काही कळलं होतं का? माहीत नाही. फोटो आला आणि गेला, खालच्या कॉमेंटसकट, तोवर तिने पाहिला असेल. ती पोरं फोनवरच असतात. मी विचारलं नाही. मी घरी आलो, आणि आल्याआल्या मला भयंकर राग आला. कुणाचा? तिचा. तेरा वर्षांच्या मुलीचा. एवढं केलं यांच्यासाठी आणि इंग्रजीत उत्तर देते. त्याच रागात मी लेख लिहिला. आखातातली आपली मुलं आणि त्यांची इंग्रजी. नाव घातलं नाही, पण सुरुवातच अशी केली: “परवा एका वसईच्या मुलीला मी मायेने मराठीत विचारलं, आणि ती मला इंग्रजीत म्हणाली…”

तो माझा सर्वांत जास्त वाचला गेलेला लेख आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी तो पुढे पाठवला असेल. त्या चौदा जणांनी तर नक्कीच. एकाने लिहिलं, सणसणीत.

पास्कलचा मेसेजही आला. तो मी ठेवलाय. “सर, शंभर टक्के बरोबर लिहिलंत. आमच्याच घरातलं उदाहरण आहे ते ओळखलं. तिच्यासमोर पूर्ण वाचला आणि चांगलं फैलावर घेतलं. रडली, पण कळलं पाहिजे. आमच्याकडून सॉरी.”

त्याने माझी माफी मागितली. मी उत्तरादाखल अंगठा पाठवला.

पुढच्या वर्षी आयडीवर तिचं नाव पूर्ण होतं, चारही शब्द. पास्कलने मला कार्ड आणून दाखवलं. जेनिस नाटकात यायला नको म्हणाली, अभ्यास आहे म्हणाली. त्यानंतर वर्षभराने त्याचं हॉटेलचं काम संपलं आणि ते वसईला परत गेले. जाताना लोणच्याची बरणी देऊन गेला. जेनिस खाली टॅक्सीतच बसून होती.

लोकांच्या भीतीने मी एका मुलीचं तोंड बंद केलं, आणि मग ती बोलत नाही म्हणून चार लोकांत तिलाच झोडपलं. तिच्या बापाकडून झोडपवलं. वर त्याच्याकडून माफी घेतली. कणा वगैरे मी जे लिहितो त्याचा हिशेब तुम्ही तुमचा करा.

पास्कल अजून माझा प्रत्येक लेख वाचतो. लेख टाकला की तासाभरात त्याचा मेसेज असतो. हाही वाचेल. संध्याकाळी, प्रार्थना झाल्यावर, सगळ्यांना बसवून, मोठ्यांदा.