पाटावरची डबी

मी फारशी बोलत नाही, पण हा माझा पराक्रम सांगितल्याशिवाय राहवत नाही.

सासरचा पहिला दसरा. मुलुंडच्या आमच्या घरात दुपारी चारला जर्मनीहून ताईंचा, म्हणजे नणंदेचा, व्हिडिओ कॉल येणार होता. बाळ दाखवायला. बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, मोतीबिंदू. मोबाइलवर त्यांना नात म्हणजे नुसता गुलाबी डाग दिसायचा. म्हणून मी, कधी नव्हे ते मोठ्याने, म्हटलं, "बाबा, मी टीव्हीवर दाखवते."

माझा लॅपटॉप टीव्हीला जोडायला काडेपेटीएवढी एक डबी लागते आणि ती चालवायला ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम. लॅपटॉपचं कर्नल, म्हणजे त्याच्या सिस्टिमचा गाभा, बदललं की हा ड्रायव्हर नव्या मापाने पुन्हा बिल्ड करावा लागतो. लग्नानंतर ब्लाउज उसवून शिवतात ना, तसा. ऑफिसात मी हेच करते.

आणि मी काय करावं? दसरा आहे, नवीन काहीतरी करू म्हणून सकाळी कर्नलच अपडेट केलं.

टीव्ही काळा. नो सिग्नल.

वाटलंच होतं. ड्रायव्हर बिल्ड करायला घेतला, तर म्हणे तो बिल्ड करणारा कंपायलर जुना. कंपायलर बदलला, तर म्हणे ड्रायव्हर जुना. तोही नवा आणला. अखेर एकही चूक न दाखवता बिल्ड झाला.

नो सिग्नल.

"काय गं, जमतंय ना?" सासूबाई.

"हो आई, होतंय."

निखिल, माझा नवरा, कानाशी आला. "वाट लागली ना?"

"तू गप रे."

चार वाजत आले. बाबा चष्मा पुसून टीव्हीसमोर बसलेले. माझं तोंड बघून म्हणाले, "राहू दे गं. आवाज ऐकेन मी तिचा."

ते ऐकून मला बसवेना. उठले आणि कोपऱ्यातल्या पूजेच्या पाटापुढे डोळे मिटून हात जोडले. एवढी इंजिनिअर, पण दुसरं काय उरलं होतं?

डोळे उघडले. पाटावर विळी, कात्री, निखिलचा पाना. आणि त्यांच्या शेजारी, हळद-कुंकू लावून, झेंडू डोक्यावर घेऊन, माझी डबी.

सकाळी आई म्हणाल्या होत्या, "तुझ्याही कामाचं काहीतरी ठेव." मी टीव्हीमागून तीच काढून ठेवली होती. मागे नुसत्या वायरी लोंबत होत्या, आणि मी इथे बसून कंपायलर बदलत होते.

हळद-कुंकवासकट डबी उचलली, जोडली. कॉल आला आणि टीव्हीभर बाळ. बाबा उठून पार जवळ गेले. "नाक आपलं आहे गं," एवढंच म्हणाले.

भांडुपच्या मावशी, सासूबाईंच्या बहीण, सोफ्यावरून सगळं बघत होत्या. मान डोलवत म्हणाल्या, "बघ. कितीही शिकलीस, तरी शेवटी हळद-कुंकू लावल्यावरच चालू झालं ना?"

निखिल माझ्याकडे बघत होता. मी पदर सावरला.

"हो मावशी," म्हटलं.